त्रिशंकू लोकसभा : कौल अपुरा, मग सरकार कोणाचे?

विशेष प्रतिनिधी

लोकसभेच्या ५४३ जागांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे किमान २७२ जागा एखाद्या पक्षाच्या पदरात पडल्या, तर पंतप्रधानपदी कोणाची नियुक्ती करायची, हा प्रश्न राष्ट्रपतींपुढे उरत नाही. पेच उभा राहतो तो हा आकडा कोणालाच गाठता आला नाही तर. भारतीय मतदाराने असा कौल एकदा नव्हे, अनेकदा दिला आहे. १९८९ ते २००९ या दोन दशकांत झालेल्या सलग सात सार्वत्रिक निवडणुकांत एकाही पक्षाला स्वबळावर बहुमत मिळाले नाही. २०१४ आणि २०१९ या दोन निवडणुकांनी हा क्रम मोडला. मात्र २०२४मध्ये भारतीय जनता पक्ष २४० जागांवर थांबला आणि सत्तेच्या किल्ल्या पुन्हा एकदा मित्रपक्षांच्या हाती आल्या.

अशा लोकसभेला 'त्रिशंकू' म्हणण्याचा प्रघात आहे. सदेह स्वर्गात जाण्याची इच्छा धरणाऱ्या त्रिशंकू राजाला विश्वामित्रांनी तपोबलाने वर धाडले, इंद्राने त्याला खाली लोटले आणि तो बिचारा अधांतरीच लटकत राहिला, ही पुराणकथा सर्वपरिचित आहे. संसदीय राजकारणातील त्रिशंकू अवस्था मात्र फार काळ टिकू दिली जात नाही. देशाला कोणत्याही क्षणी मंत्रिमंडळ असलेच पाहिजे, हा राज्यघटनेचा आग्रह आहे. ते कोणाचे असावे, याविषयी मात्र राज्यघटनेने फारच थोडे लिहून ठेवले आहे. उरलेली जागा संकेतांनी, राष्ट्रपतींच्या निर्णयांनी आणि न्यायालयांच्या निवाड्यांनी भरून काढली आहे.

घटनेत नेमके काय आहे?

'त्रिशंकू लोकसभा' हा शब्दप्रयोग राज्यघटनेत कोठेही नाही. 'सर्वांत मोठा पक्ष' किंवा 'आघाडी' यांचाही सरकार स्थापनेच्या संदर्भात उल्लेख नाही. अनुच्छेद ७५ एवढेच सांगतो, की पंतप्रधानाची नियुक्ती राष्ट्रपती करतील आणि अन्य मंत्र्यांची नियुक्ती पंतप्रधानाच्या सल्ल्याने होईल. याच अनुच्छेदातील पुढचे वाक्य या साऱ्या व्यवस्थेचा कणा आहे. मंत्रिमंडळ सामूहिकरीत्या लोकसभेला जबाबदार असेल, असे ते वाक्य. ज्या नेत्यावर लोकसभेचा विश्वास नाही, त्याला पदावर राहता येणार नाही, हे त्यातून ओघानेच येते.

याचा अर्थ असा, की राष्ट्रपतींनी करायची ती निवड तात्पुरत्या स्वरूपाची असते. कोणाला लोकसभेचा विश्वास मिळण्याची अधिक शक्यता आहे, याचा अंदाज राष्ट्रपती बांधतात. तो अंदाज बरोबर की चूक, हे सभागृह ठरवते. मात्र पहिली संधी कोणाला मिळते आणि बहुमत सिद्ध करण्यासाठी किती दिवस दिले जातात, या दोन गोष्टींचा पुढील घडामोडींवर मोठा परिणाम होतो. निमंत्रण मिळालेल्या नेत्याकडे सत्ता येते आणि सत्तेकडे माणसे ओढली जातात. राष्ट्रपती भवनातील आणि राजभवनातील निर्णयांवर म्हणूनच वाद होत आले आहेत.

केंद्र आणि राज्य यांच्यात या बाबतीत एक महत्त्वाचा फरक आहे. राज्यात कोणालाच सरकार बनवता आले नाही, तर अनुच्छेद ३५६नुसार राष्ट्रपती राजवट लागू करता येते. केंद्रात अशी सोय नाही. राष्ट्रपतींना मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच कारभार करावा लागतो. लोकसभा विसर्जित झाली तरी मंत्रिमंडळ अस्तित्वात असलेच पाहिजे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९७१मध्ये यू. एन. आर. राव खटल्यात दिला. त्यामुळे जुन्या पंतप्रधानांचा राजीनामा स्वीकारताना 'पर्यायी व्यवस्था होईपर्यंत कारभार पाहावा' अशी सूचना राष्ट्रपती करतात आणि दिल्लीत सत्तेची पोकळी निर्माण होत नाही.

पहिले निमंत्रण कोणाला?

या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक राष्ट्रपतींनी आपापल्या परीने दिले आहे. त्याची सुरुवात १९७९मध्ये झाली. मोरारजी देसाई यांनी १५ जुलै १९७९ रोजी राजीनामा दिल्यावर राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डी यांनी प्रथम विरोधी पक्षनेते यशवंतराव चव्हाण यांना सरकार स्थापनेची शक्यता अजमावण्यास सांगितले. चव्हाणांना ते साधले नाही. त्यानंतर चरणसिंग आणि मोरारजी या दोघांकडून समर्थकांच्या याद्या मागवण्यात आल्या व चरणसिंग यांची निवड झाली. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत विश्वासदर्शक ठराव संमत करून घ्या, अशी अट राष्ट्रपतींनी घातली होती. यशवंतराव या सरकारात उपपंतप्रधान झाले. परंतु इंदिरा गांधी यांच्या काँग्रेसने पाठिंबा काढून घेतला आणि २० ऑगस्ट रोजी, लोकसभेला सामोरे न जाताच, चरणसिंग यांनी राजीनामा दिला.

१९८९च्या निवडणुकीत काँग्रेस १९७ जागांसह सर्वांत मोठा पक्ष ठरला, तरी जनादेश आपल्या विरोधात आहे असे मानून राजीव गांधी यांनी सत्तेवर दावा सांगितला नाही. राष्ट्रपती आर. वेंकटरामन यांनी मग विश्वनाथ प्रताप सिंह यांना पाचारण केले. १४३ जागांच्या जनता दलाला एका बाजूने भाजपचा आणि दुसऱ्या बाजूने डाव्या पक्षांचा बाहेरून पाठिंबा, अशी ती विलक्षण मांडणी होती.

सर्वांत मोठ्या पक्षाला बोलावण्याचे तत्त्व १९९६मध्ये राष्ट्रपती शंकरदयाळ शर्मा यांनी काटेकोरपणे पाळले. भाजपच्या १६१ जागा होत्या. अन्य पक्षांकडून पुरेशा पाठिंब्याची पत्रे नसतानाही अटलबिहारी वाजपेयी यांना १६ मे रोजी शपथ देण्यात आली. बहुमताची जुळवाजुळव झाली नाही आणि २८ मे रोजी सभागृहातील चर्चेला उत्तर देऊन, मतदान न घेताच, वाजपेयी राजीनामा देण्यासाठी राष्ट्रपती भवनाकडे निघाले. 'तेरा दिवसांचे सरकार' म्हणून ते ओळखले जाते. त्यानंतर अवघ्या ४६ खासदारांच्या जनता दलाचे एच. डी. देवेगौडा संयुक्त आघाडीच्या वतीने पंतप्रधान झाले. ते तेव्हा कर्नाटकचे मुख्यमंत्री होते आणि संसदेच्या कोणत्याही सभागृहाचे सदस्य नव्हते. सदस्य नसलेल्या व्यक्तीला सहा महिन्यांपर्यंत मंत्रिपदी राहता येते, या तरतुदीचा आधार त्यांना मिळाला.

१९९८मध्ये राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी वेगळी वाट धरली. भाजप १८२ जागांसह सर्वांत मोठा पक्ष होता. पण केवळ तेवढ्यावर निमंत्रण न देता नारायणन यांनी मित्रपक्षांच्या पाठिंब्याची लेखी पत्रे मागितली. अण्णा द्रमुकचे पत्र लांबल्यामुळे शपथविधीही लांबला. १९ मार्च रोजी शपथ घेतलेल्या वाजपेयी सरकारने २८ मार्च रोजी २७४ विरुद्ध २६१ मतांनी विश्वास मिळवला. दोन वर्षांच्या अंतराने, त्याच नेत्याच्या बाबतीत, दोन राष्ट्रपतींनी दोन कसोट्या लावल्या. दोन्ही कसोट्या घटनेच्या चौकटीत बसणाऱ्या होत्या, कारण घटनेने एकही ठरवून दिलेली नाही. आकडेवारीची खातरजमा आधी करण्याची नारायणन यांची पद्धत अस्थिरता टाळण्याच्या दृष्टीने अधिक व्यवहार्य मानली जाते.

सरकारिया आयोगाचा क्रम

या विषयावरील सर्वाधिक उद्धृत होणारे मार्गदर्शन केंद्र-राज्य संबंधांविषयीच्या न्या. आर. एस. सरकारिया आयोगाचे आहे. १९८८च्या अहवालातील ही शिफारस राज्यपालांसाठी असली, तरी केंद्रातील चर्चेतही तिचाच दाखला दिला जातो. आयोगाने सुचवलेला प्राधान्यक्रम असा :

१. निवडणुकीपूर्वी झालेली आघाडी.
२. अपक्षांसह इतरांच्या पाठिंब्याच्या आधारे दावा करणारा सर्वांत मोठा पक्ष.
३. निवडणुकीनंतरची आघाडी, ज्यात सर्व घटक पक्ष सरकारात सामील होतील.
४. निवडणुकीनंतरची अशी आघाडी, ज्यात काही पक्ष सरकारात असतील आणि काही बाहेरून पाठिंबा देतील.

या क्रमामागचा विचार सरळ आहे. निवडणूकपूर्व आघाडीने मतदारांसमोर एकत्र येऊन कौल मागितलेला असतो. निकालानंतर जुळलेल्या आघाडीला मतदाराने पाहिलेलेच नसते. न्या. मदनमोहन पुंछी आयोगानेही २०१०मध्ये निवडणूकपूर्व आघाडीला एकच पक्ष समजावे, अशी भूमिका घेतली. २०२४मध्ये राष्ट्रीय लोकशाही आघाडीकडे २९३ जागा असल्याने राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्यासमोर खऱ्या अर्थाने पेच आलाच नाही. त्या वर्षीची लोकसभा पक्षाच्या हिशेबाने त्रिशंकू होती, आघाडीच्या हिशेबाने नव्हती.

तथापि, आयोगाचा हा क्रम कायदा नाही. निवडणूकपूर्व आघाडी निकालानंतर मोडली, तर ती सांधण्याची सक्ती कोणी करू शकत नाही. पक्षांतरबंदी कायदाही पक्ष ओळखतो, आघाडी नव्हे. महाराष्ट्राने २०१९मध्ये याचा प्रत्यय घेतला. १०५ जागांचा भाजप आणि ५६ जागांची शिवसेना यांनी युती म्हणून मते मागितली होती. २८८ सदस्यांच्या विधानसभेत बहुमताला १४५ आमदार लागतात. युतीकडे ते होते. तरीही मुख्यमंत्रिपदावरून युती तुटली आणि शिवसेनेने राष्ट्रवादी काँग्रेस व काँग्रेससह सरकार बनवले.

बहुमताची जागा सभागृहात

राजभवनातील डोकी मोजण्याच्या पद्धतीला सर्वोच्च न्यायालयाने ११ मार्च १९९४ रोजी लगाम घातला. कर्नाटकचे मुख्यमंत्री एस. आर. बोम्मई यांचे सरकार १९८९मध्ये बरखास्त करण्यात आले होते. त्या प्रकरणात नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितले, की सरकारला बहुमत आहे की नाही, याची कसोटी विधानसभेच्या सभागृहातच लागली पाहिजे. ते ठरवणे राज्यपालांच्या व्यक्तिगत मताचा विषय नाही. संसदीय व्यवस्थेचे हे तत्त्व केंद्रालाही तितकेच लागू पडते.

या निवाड्यानंतरचा संघर्ष प्रामुख्याने वेळेचा राहिला आहे. बहुमत सिद्ध करण्यास जितके अधिक दिवस, तितका घोडेबाजाराला वाव अधिक, हे ओळखून न्यायालयाने मुदत आखडत नेली. उत्तर प्रदेशात फेब्रुवारी १९९८मध्ये कल्याणसिंग आणि जगदंबिका पाल या दोघांनीही मुख्यमंत्रिपदावर दावा सांगितला, तेव्हा न्यायालयाने दोघांच्या समर्थनार्थ एकाच वेळी मतदान घेण्यास फर्मावले; कल्याणसिंग यांना २२५ आणि पाल यांना १९६ मते पडली. गोव्यात २०१७मध्ये ४० पैकी १७ जागा मिळवणाऱ्या काँग्रेसऐवजी १३ जागांच्या भाजपचे मनोहर पर्रीकर यांना राज्यपाल मृदुला सिन्हा यांनी बोलावले. प्रादेशिक पक्ष व अपक्षांच्या पाठिंब्याची पत्रे घेऊन भाजप राजभवनात आधी पोहोचला होता. न्यायालयाने शपथविधी रोखला नाही. परंतु १६ मार्च रोजीच विश्वासमत घेण्यास सांगितले. पर्रीकर यांनी २२ विरुद्ध १६ मतांनी ते जिंकले.

पुढच्याच वर्षी कर्नाटकात सर्वांत मोठा पक्ष म्हणून भाजपचे बी. एस. येडियुरप्पा यांना राज्यपाल वजुभाई वाला यांनी शपथ दिली आणि १५ दिवसांची मुदत दिली. न्यायालयाने ती १९ मे २०१८च्या सायंकाळपर्यंत खाली आणली. मतदानापूर्वीच येडियुरप्पा पायउतार झाले. एका राज्यात सर्वांत मोठा पक्ष डावलला गेला, दुसऱ्या राज्यात त्यालाच अग्रक्रम मिळाला. राज्यपालांचे निकष असे बदलत असल्यामुळे सभागृहातील तत्काळ परीक्षा हाच त्यातल्या त्यात भरवशाचा उपाय ठरतो.

महाराष्ट्रात २३ नोव्हेंबर २०१९च्या पहाटे राष्ट्रपती राजवट उठवून देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी उरकण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने २६ नोव्हेंबर रोजी आदेश दिला, की दुसऱ्या दिवशी सायंकाळी पाच वाजेपर्यंत हंगामी अध्यक्षांच्या देखरेखीखाली बहुमत चाचणी घ्यावी, मतदान गुप्त नसावे आणि कामकाजाचे थेट प्रक्षेपण व्हावे. त्याच दिवशी फडणवीस यांनी राजीनामा दिला. या तपशिलांचे महत्त्व महाराष्ट्राला ठाऊक आहे. नोव्हेंबर २०१४मध्ये १२२ आमदारांच्या भाजप सरकारने विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने संमत करून घेतला होता. प्रत्यक्ष मतविभाजन न झाल्याने बाजूने किती आणि विरोधात किती, हे कधीच नोंदले गेले नाही.

सभागृहाला सामोरे न जाता दिलेला राजीनामा किती महाग पडू शकतो, हेही याच राज्यात दिसले. जून २०२२मध्ये बहुमत चाचणी घेण्याचा राज्यपालांचा निर्णय समर्थनीय नव्हता, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी म्हटले. परंतु उद्धव ठाकरे यांनी चाचणीपूर्वीच राजीनामा दिला असल्याने त्यांचे सरकार पुन्हा स्थापित करता येणार नाही, असेही त्याच निकालात नमूद करण्यात आले.

२७२चा आकडा खरोखर लागतो का?

बहुमत म्हणजे २७२, हे समीकरण पक्के रुजले असले, तरी विश्वासदर्शक ठरावासाठी ते बंधनकारक नाही. अनुच्छेद १००नुसार 'उपस्थित राहून मतदान करणाऱ्या' सदस्यांचे बहुमत पुरेसे असते. गैरहजर किंवा तटस्थ राहणारा खासदार त्यामुळे एका अर्थाने सरकारलाच मदत करत असतो. अल्पमतातील सरकारे टिकतात ती याच वाटेने. पी. व्ही. नरसिंह राव यांच्या सरकारने जुलै १९९१मध्ये विश्वासमत मिळवले, तेव्हा विरोधी बाकांवरील काही पक्षांनी तटस्थ राहणे पसंत केले. लागलीच दुसरी निवडणूक कोणालाच नको होती.

लोकसभा अध्यक्ष पहिल्या फेरीत मतदान करत नाहीत. समसमान मते पडली तरच ते निर्णायक मत देतात. म्हणून काठावरच्या बहुमतात आपला खासदार अध्यक्षपदी बसवणे म्हणजे एक मत कमी करणे. ते पद मित्रपक्षाला देण्यामागे हाही हिशेब असतो. १९९८मध्ये १२ खासदारांच्या तेलुगू देसमने पाठिंबा दिला आणि त्या पक्षाचे जी. एम. सी. बालयोगी अध्यक्ष झाले. त्यांच्या अपघाती मृत्यूनंतर २००२मध्ये हे पद शिवसेनेचे मनोहर जोशी यांच्याकडे आले.

एका मताची किंमत काय असते, याचे उत्तर १७ एप्रिल १९९९ या तारखेत आहे. अण्णा द्रमुकने पाठिंबा काढल्यावर वाजपेयी सरकारने मांडलेला विश्वासदर्शक ठराव २६९ विरुद्ध २७० मतांनी फेटाळला गेला. काँग्रेसचे गिरिधर गमांग दोन महिन्यांपूर्वीच ओडिशाचे मुख्यमंत्री झाले होते. मात्र त्यांनी लोकसभेचे सदस्यत्व सोडलेले नव्हते आणि ते विधानसभेवर निवडूनही आले नव्हते. त्यांनी मतदान करावे की नाही, हा निर्णय अध्यक्षांनी त्यांच्या सदसद्विवेकबुद्धीवर सोपवला. त्यांनी सरकारविरुद्ध मत दिले. नॅशनल कॉन्फरन्सचे सैफुद्दीन सोझ यांनीही पक्षादेश झुगारून विरोधात मत टाकले. पक्षादेश मोडणाऱ्याचे सदस्यत्व जाऊ शकते, परंतु त्याने दिलेले मत बाद होत नाही. ते मोजलेच जाते.

आणखी एक बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. अविश्वास ठरावाची चर्चा नेहमी होते, त्यासाठी किमान ५० खासदारांचे समर्थन लागते. पण लोकसभेत अविश्वास ठरावाने आजवर एकही सरकार पडलेले नाही. १९९०मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह, १९९७मध्ये देवेगौडा आणि १९९९मध्ये वाजपेयी ही सभागृहात कोसळलेली तिन्ही सरकारे स्वतःच मांडलेल्या विश्वासदर्शक ठरावावर पराभूत झाली. सरकारची परीक्षा अन्य मार्गांनीही होते. अर्थसंकल्पाशी निगडित विधेयक किंवा राष्ट्रपतींच्या अभिभाषणावरील आभारप्रस्ताव फेटाळला गेला, तर सरकारने राजीनामा द्यावा, असा संकेत आहे.

पाठिंब्याची किंमत

आकडा जुळवताना जे व्यवहार होतात, त्यांतील काही उघड असतात आणि लोकशाहीत ते रास्तही मानले जातात. मंत्रिपदांची वाटणी, राज्याच्या मागण्यांना प्राधान्य आणि किमान समान कार्यक्रम ही त्याची उदाहरणे होत. २००४मध्ये १४५ जागांच्या काँग्रेसने डाव्या पक्षांच्या बाहेरील पाठिंब्यावर सरकार स्थापन केले, तेव्हा असाच कार्यक्रम आखण्यात आला. भारत-अमेरिका अणुकरारावरून डाव्यांनी २००८मध्ये पाठिंबा काढला. २२ जुलै रोजी मनमोहन सिंग सरकार २७५ विरुद्ध २५६ मतांनी तरले. त्या दिवशी सभागृहात नोटांची पुडकी फडकावण्यात आली आणि व्यवहाराची दुसरी, काळी बाजू देशाने दूरचित्रवाणीवर पाहिली.

त्याआधी नरसिंह राव सरकारने २८ जुलै १९९३ रोजी अविश्वास ठराव २५१ विरुद्ध २६५ मतांनी परतवला होता. त्यासाठी झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांना लाच दिल्याचा आरोप झाला. सभागृहातील मतदानाला घटनेचे संरक्षण असल्याने लाच घेऊन मत देणाऱ्या खासदारावर खटला चालवता येत नाही, असा निकाल १९९८मध्ये बहुमताने लागला. तब्बल २६ वर्षांनी, ४ मार्च २०२४ रोजी, सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो रद्दबातल ठरवला. मतासाठी लाच घेणाऱ्याला आता संसदीय विशेषाधिकाराची ढाल वापरता येत नाही.

पक्षांतरबंदी कायदा १९८५पासून लागू आहे. एक-तृतीयांश सदस्यांच्या 'फुटी'ला त्यात मुभा होती. ती २००३च्या ९१व्या घटनादुरुस्तीने काढून टाकली. याच दुरुस्तीने मंत्रिमंडळाचा आकार सभागृहाच्या सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांपर्यंत मर्यादित केला. मंत्रिपदे वाटून बहुमत विकत घेण्याची वाट त्यामुळे अरुंद झाली, बंद झाली नाही.

काळजीवाहू काळातील जोखीम

सरकार पडल्यानंतर किंवा निकाल अनिर्णित राहिल्यानंतर जुने मंत्रिमंडळ काळजीवाहू म्हणून काम पाहते. 'काळजीवाहू सरकार' हीदेखील घटनेतील संज्ञा नाही. असे सरकार दैनंदिन कारभारापुरते मर्यादित राहील व मोठे धोरणात्मक निर्णय घेणार नाही, हा संकेत आहे. संकटे मात्र संकेत पाळत नाहीत.

काँग्रेसच्या बाहेरील पाठिंब्यावर उभ्या असलेल्या चंद्रशेखर सरकारला १९९१मध्ये पूर्ण अर्थसंकल्पही मांडता आला नाही; ४ मार्च रोजी हंगामी अर्थसंकल्प आला आणि ६ मार्च रोजी पंतप्रधानांचा राजीनामा. परकीय चलनाची गंगाजळी आटत चालली होती. निवडणुकीच्या धामधुमीत, काळजीवाहू सरकारच्याच काळात, स्टेट बँकेमार्फत २० टन सोने पुन्हा खरेदीच्या मुभेसह परदेशी बँकेला विकून सुमारे २० कोटी डॉलर उभारावे लागले. १९९९मध्ये एका मताने पराभूत झालेल्या वाजपेयींच्या काळजीवाहू सरकारवर कारगिल युद्ध हाताळण्याची वेळ आली. लोकसभा विसर्जित होती आणि राज्यसभेचे खास अधिवेशन बोलावण्याची विरोधकांची मागणी मान्य झाली नाही. युद्धाच्या काळात सरकारला जाब विचारण्यासाठी संसदेचे एकही सभागृह बसलेले नव्हते.

सारे पर्याय संपल्यावर

एक सरकार पडले म्हणून लगेच निवडणूक होत नाही. त्याच लोकसभेतून दुसरे सरकार उभे राहू शकते का, हे राष्ट्रपती आधी तपासतात. १९९०मध्ये चंद्रशेखर आणि १९९७मध्ये इंद्रकुमार गुजराल यांची सरकारे अशीच आली. एप्रिल १९९९मध्ये सोनिया गांधी यांनी २७२ खासदारांच्या पाठिंब्याचा दावा केला. समाजवादी पक्षाने साथ नाकारल्याने तो फोल ठरला आणि २६ एप्रिल रोजी लोकसभा विसर्जित झाली. पराभूत किंवा राजीनामा दिलेल्या पंतप्रधानाचा विसर्जनाचा सल्ला राष्ट्रपतींनी मानावा का, हा प्रश्न मात्र १९७९पासून वादग्रस्त आहे. लोकसभेला एकदाही सामोरे न गेलेल्या चरणसिंगांचा सल्ला स्वीकारून जगजीवनराम यांना संधी नाकारल्याबद्दल राष्ट्रपती रेड्डी यांच्यावर टीका झाली होती.

हा खेळ थांबावा म्हणून काही सुधारणा सुचवण्यात आल्या आहेत. जर्मनीच्या घटनेतील अनुच्छेद ६७नुसार तेथील चॅन्सेलरला हटवायचे असेल, तर त्याच ठरावाने नवा चॅन्सेलर निवडावा लागतो. हेल्मुट कोल १९८२मध्ये याच मार्गाने सत्तेवर आले. असा 'विधायक अविश्वास ठराव' भारतातही असावा, अशी शिफारस विधी आयोगाने १९९९मध्ये आणि न्या. एम. एन. वेंकटचलय्या यांच्या अध्यक्षतेखालील घटना पुनर्विलोकन आयोगाने २००२मध्ये केली. नेत्याची निवड थेट लोकसभेनेच करावी, म्हणजे राष्ट्रपतींच्या विवेकाधिकाराचा प्रश्नच उरणार नाही, असेही पुनर्विलोकन आयोगाने सुचवले होते. या शिफारशी अमलात आलेल्या नाहीत.

त्यामुळे पुढच्या त्रिशंकू लोकसभेतही पहिला निर्णय राष्ट्रपती भवनात होईल आणि अखेरचा सभागृहात. या दोहोंमधील दिवस जितके कमी आणि मतदान जितके उघड, तितका मतदाराच्या कौलाला धक्का लागण्याचा संभव कमी, एवढे आजवरच्या अनुभवाने शिकवले आहे.

त्रिशंकू लोकसभा : दृष्टिक्षेपात

१९८९ : काँग्रेस १९७, जनता दल १४३, भाजप ८५. विश्वनाथ प्रताप सिंह यांचे सरकार नोव्हेंबर १९९०मध्ये कोसळले. नंतर चंद्रशेखर.

१९९१ : काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष. पी. व्ही. नरसिंह राव यांचे अल्पमतातील सरकार, कार्यकाळ पूर्ण.

१९९६ : भाजप १६१, काँग्रेस १४०. दीड वर्षात तीन पंतप्रधान – वाजपेयी, देवेगौडा, गुजराल.

१९९८ : भाजप १८२, काँग्रेस १४१. वाजपेयी सरकार तेरा महिन्यांत एका मताने पराभूत.

१९९९ : भाजप १८२, काँग्रेस ११४. वाजपेयी यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्रीय लोकशाही आघाडीचे सरकार.

२००४ : काँग्रेस १४५, भाजप १३८. संयुक्त पुरोगामी आघाडीचे मनमोहन सिंग सरकार. डाव्यांचा २००८पर्यंत बाहेरून पाठिंबा.

२००९ : काँग्रेस २०६, भाजप ११६. मनमोहन सिंग सरकारला दुसरा कार्यकाळ.

२०२४ : भाजप २४०, काँग्रेस ९९. नरेंद्र मोदी यांचा ९ जून रोजी शपथविधी. तेलुगू देसम (१६) आणि संयुक्त जनता दल (१२) हे प्रमुख मित्रपक्ष.